दात पांढरे करण्याआधी हिरड्यांचं रक्त थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६. दात पिवळट दिसतात, खालचे पुढचे दात दाटीवाटीने एकावर एक चढलेत. तीन महिन्यांनी भावाचं लग्न आहे, तोवर मनमोकळं हसता यावं, फोटोत ओठ मिटून उभं राहायला लागू नये, एवढीच इच्छा आहे. कोळशाची पावडर आणून ठेवली आहे, दात पांढरे करणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात का ते ठरत नाहीये, आणि ओळखीतल्या कुणीतरी ‘सरळ वरच्या सहा दातांना व्हीनिअर लावून टाक’ असं सुचवलंय. (व्हीनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच.) स्केलिंगला, म्हणजे दातांवर जमलेला कडक थर काढून घ्यायला, मात्र तुम्ही घाबरता, कारण त्याने दात ढिले होतात असं ऐकलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, ‘घासताना कधीकधी रक्त येतं, म्हणून खालच्या दातांवर मी हलकाच ब्रश फिरवते.’

दातांवर काम करणारी डॉक्टर म्हणून माझं लक्ष या शेवटच्या वाक्यावरच थांबलं. पिवळेपणा, वाकडेपणा, व्हीनिअर या सगळ्याचं बोलू या, पण या वाक्यातला प्रश्न सुटेपर्यंत बाकीचं काहीही केलंत तरी ते टिकणार नाही.

निरोगी हिरडी ब्रश लागला म्हणून रक्त काढत नाही. रक्त येतं ते सुजलेल्या हिरडीतून. सूज का येते? दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर रोज बसतो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो तिथेच राहू दिला की हिरडी त्याच्याशी झुंजायला लागते, तिथला रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल आणि फुगीर होते आणि जरासा धक्का लागला तरी रक्त येतं. १९६५ साली हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार साध्या पद्धतीने दाखवून दिलं. चांगल्या हिरड्या असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झालं आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

तुम्ही नेमकं याच्या उलट करताय. रक्त येतं म्हणून ती जागा टाळता, टाळल्यामुळे थर साचतो, थर साचल्यामुळे सूज वाढते, आणि पुढच्या वेळी रक्त आणखी येतं. माझ्याकडे येणाऱ्यांत हे चक्र मी सारखं बघते, आणि त्यात पेशंटचा हेतू चांगलाच असतो. हिरडीला इजा होऊ नये म्हणूनच तो हात आखडता घेतो. म्हणून पहिलं सांगणं हेच, की रक्त येतं त्या जागेला ब्रशची जास्त गरज आहे. जोर नको, ब्रश मऊच हवा, पण ती जागा चुकवायची नाही.

आता जे तुमचं तोंड बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही ते. रक्त येण्यामागे नुसती हिरड्यांची सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. पण सूज वर्षानुवर्षं राहिली असेल तर काही जणांत ती खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. हे झिजलेलं हाड सहसा परत भरून येत नाही, ते आहे तिथे थांबवता येतं. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं, म्हणून कळतच नाही. तुम्ही यातल्या कुठल्या टप्प्यावर आहात हे ओळखायला आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे अलगद सरकवतो. ती १ ते ३ मिलिमीटर आत गेली तर ठीक. त्याहून खोल गेली आणि रक्त आलं, तर तिथे नीट बघायला लागतं, एक्स-रे काढावा लागतो. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हे मोजतात. तुमच्या तपासणीत असं मोजमाप झालं नाही, तर विनासंकोच विचारा.

काही गोष्टी न विसरता डॉक्टरांना सांगा: मधुमेह आहे का, गरोदर आहात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तंबाखू किंवा सिगारेटची सवय आहे का. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या तर साखर आटोक्यात ठेवणंही अवघड होतं. गरोदरपणात तेवढाच थर असूनही हिरड्या जास्त सुजतात. सिगारेटचं उलटं असतं. तिच्यामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा आवळला जातो, आतून आजार वाढत असूनही रक्त कमी येतं आणि सगळं छान आहे असं वाटत राहतं.

आता स्केलिंगची भीती. ती पोकळ नाही, लोकांना खरंच तसा अनुभव येतो, म्हणून नीट समजावते.

प्लाक काढला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा कडक होतो. ते कीटण. एकदा ते जमलं की कुठल्याही ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू, या दोन जागी ते सगळ्यात जास्त साचतं, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. तुमचे खालचे दात दाटीचे आहेत आणि नेमके तिथेच तुम्ही हलका हात लावता. आरशासमोर तोंड उघडा, जीभ मागे घ्या आणि चमच्याच्या पाठीत त्या दातांची आतली बाजू बघा. हिरडीलगत पिवळसर किंवा तपकिरी, खडबडीत पट्टा दिसला तर ते कीटणच.

स्केलिंगमध्ये वेगाने कंप पावणारं टोक आणि पाण्याचा फवारा वापरून हा दगड सुटा करतात. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, त्यात तासलं जात नाही. मग ढिलं का वाटतं? एक तर मधली जागा इतकी वर्षं कीटणाने बुजलेली असते. ते गेलं, हिरडीची सूज उतरली, की दातांमधे फटी जाणवतात, जीभ सारखी तिकडे जाते. त्या फटी आधीपासून होत्या. दुसरं म्हणजे ज्यांचं हाड आधीच बरंच झिजलंय त्यांचे दात खरंच हलत असतात, पण आजूबाजूच्या कीटणाने जखडलेले असतात. खांबाचा पाया खचलेला असावा आणि भोवती साचलेल्या राडारोड्याने तो उभा राहावा, तसं. राडारोडा काढल्यावर खांब हलतो, पण त्याला खिळखिळा केलेलं असतं ते खचलेल्या पायाने. आणि पाया खचवला तो त्या कीटणावर पोसलेल्या जिवाणूंनीच. म्हणजे स्केलिंग टाळून दात घट्ट राहत नाहीत, आणखी हाड जाईपर्यंत कळत नाही इतकंच.

स्केलिंगनंतर थोडे दिवस गार पाणी लागलं की सणक जाऊ शकते. कीटणाखाली झाकलेला मुळाचा भाग उघडा पडतो म्हणून ती जाते. सेन्सिटिव्ह दातांसाठीची पेस्ट रोज दोनदा वापरली की बहुतेकांची सणक काही आठवड्यांत कमी होते.

घासण्याबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण यातच सगळं आहे. दात रोज घासता ना असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, आणि ते खरंही असतं. मग मी दातांना प्लाक रंगवणारं द्रव्य लावते आणि आरसा हातात देते. जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडात दातांचा मधला, फुगीर भाग लख्ख असतो आणि हिरडीलगतची कड रंगलेली असते. म्हणजे ब्रश दातावर फिरतो, हिरडीच्या कडेवर फिरत नाही. ब्रशचे केस हिरडीच्या दिशेने ४५ अंशांत तिरके धरा, निम्मे हिरडीवर, निम्मे दातावर. तिथल्या तिथे अगदी छोटे, थरथरवल्यासारखे फटके द्या आणि मग पुढच्या दोन दातांवर जा. आडवं खसाखसा घासू नका, त्याने हिरडी मागे सरते आणि मुळाशी खाच पडते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा आणि टोकाच्या केसांनी एकेक दात साफ करा. दाटीचे दात असतील तर दुसरा उपाय नाही, कारण मागे गेलेल्या दातापर्यंत आडवा ब्रश पोचतच नाही. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्यातली एक वेळ रात्री झोपण्याआधीची. झोपेत लाळ कमी होते, तोंडाचं नैसर्गिक संरक्षण सुट्टीवर जातं, म्हणून रात्रीची वेळ चुकवू नका.

दोन दातांच्या मधे ब्रशचे केस जात नाहीत. तिथे फटीच्या मापाचा बारीक इंटरडेंटल ब्रश, आणि दाटी असेल तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा. पहिले काही दिवस यातही रक्त येईल. येऊ द्या, थांबू नका. पेस्ट फ्लोराइडची असावी, मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम, पाकिटावर आकडा लिहिलेला असतो. आणि एक सवय बदला: घासून झाल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं आणि पेस्टचा अर्धा फायदा बेसिनमध्ये जातो. हे सांगितल्यावर सुरुवातीला सगळ्यांना कसंतरी वाटतं, आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

आता रंग. दाताचा रंग मुळात एनॅमलचा नसतो. एनॅमल थोडंसं पारदर्शक असतं आणि त्याच्या आतलं डेंटिन पिवळसर असतं, ते त्यातून दिसतं. वय वाढतं तसं एनॅमल झिजून पातळ होतं, आत डेंटिनचे थर वाढत जातात, म्हणून दात हळूहळू पिवळे होणं हे वयासोबत येतंच. सुळे तर तरुणपणीही बाजूच्या दातांपेक्षा गडद असतात, तो काही दोष नाही. पडद्यावर दिसणारा कागदासारखा पांढरा रंग सहसा कुणाच्याच तोंडात आपसूक नसतो.

यावर बाहेरून बसणारे डाग वेगळे, चहा, कॉफी, तंबाखूचे. ते स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतात. तुमच्या पिवळेपणातला किती भाग डागांचा आणि कीटणाचा आहे आणि किती दाताचा स्वतःचा, हे साफसफाईनंतरच कळेल. स्केलिंग झाल्यावर आरशात बघून ‘आता ब्लीचिंग नको’ (म्हणजे औषधाने दात उजळवणं नको) म्हणणारे पेशंट कमी नाहीत. निर्णय तेव्हा घ्या.

कोळशाची पावडर बाजूला ठेवा. ती घासून वरचे डाग काढते, म्हणून पहिल्या आठवड्यात फरक दिसतो. पण घासताना एनॅमलही झिजवू शकते, आणि एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा झालेल्या असतात. गेलेलं एनॅमल शरीर परत बनवत नाही. एनॅमल पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं, म्हणजे ज्यासाठी केलं त्याच्या उलट होतं. शिवाय कोळशाचे काळे कण हिरडीच्या कडेत आणि जुन्या फिलिंगच्या सांध्यात अडकतात. लिंबू चोळण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. आम्लाने एनॅमल विरघळतं, तो प्रयोग करू नका.

ज्यांनी खरोखर आतला रंग उजळतो ती औषधं म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कार्बामाइड पेरॉक्साइड. ती एनॅमलमधून आत झिरपतात आणि रंग देणारे रेणू तोडतात. दाताच्या मापाचा ट्रे बनवून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावायचं, ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती सावकाश चालते आणि सणक जाऊ लागली तर एक-दोन रात्री थांबता येतं. साधारण दोन ते चार आठवड्यांत चांगला फरक पडतो. पट्ट्यांमध्येही पेरॉक्साइडच असतं, पण तुमच्यासारख्या चढलेल्या दातांवर पट्टी सपाट बसत नाही. जिथे चिकटते तिथे उजळतं, खाचेत तसंच राहतं.

ब्लीचिंग करण्याआधी हे माहीत असू द्या. कॅप आणि फिलिंग ब्लीचने उजळत नाहीत. पुढच्या दातात फिलिंग असेल तर दात उजळल्यावर ते वेगळं दिसेल आणि बदलावं लागेल, तेही ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबून, कारण लगेच लावलेलं फिलिंग नीट धरत नाही आणि रंगही अजून स्थिरावत असतो. एकच दात बाकीच्यांपेक्षा करडा किंवा काळपट असेल तर त्याचा एक्स-रे आधी काढा, आतली नस मेलेली असू शकते. कीड लागलेली असताना, हिरडीतून रक्त येत असताना, गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना ब्लीचिंग मी करत नाही. आणि हा रंग कायमचा नसतो, काही महिन्यांनी ते वर्ष-दोन वर्षांत आधीचा पिवळेपणा थोडा परततो.

दाटीच्या दातांचं लग्नाच्या आधी काही करायला जाऊ नका. तारा लावा की अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे), दात सरकतात ते हाडातून, आणि सुजलेल्या हिरडीतून दात हलवले तर हाड जास्त झपाट्याने जातं. हिरड्या ठणठणीत झाल्यावर, घाई नसताना, ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांचं, मत घ्या. थोडीशीच दाटी काही महिन्यांत सुटते. पण दात जुन्या जागी परतायला बघतात, त्यामुळे नंतर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी किंवा तार, वर्षानुवर्षं लावायची तयारी हवी. ती नसेल तर आत्ताच तसं सांगितलेलं बरं.

व्हीनिअरबद्दल माझं मत ठाम आहे. दात तुटलेले, फार झिजलेले किंवा ब्लीचिंगला दाद न देणाऱ्या खोल डागांचे असतील, तर व्हीनिअर हे उत्तम काम आहे आणि मीही ते करते. पण त्यासाठी बहुतेक वेळा निरोगी दात पुढून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास तासावा लागतो, आणि तासलेला दात पुन्हा आधीसारखा होत नाही. व्हीनिअर कधी ना कधी बदलावं लागतं, आणि ३६ व्या वर्षी लावलं तर आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा. रक्त येणाऱ्या हिरडीलगत ते नीट चिकटतही नाही. तुमच्या वर्णनात वरच्या दातांची तक्रार फक्त रंगाची आहे. नुसत्या रंगासाठी सहा धडधाकट दात तासू नयेत. एखादा कोपरा उडालेला असेल तर तेवढ्यापुरतं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) भरून आकार देता येतो, आणि त्यात दात फारसा तासावा लागत नाही.

तीन महिन्यांत हे असं बसतं. या आठवड्यात तपासणी, मोजमाप आणि स्केलिंग. कीड असेल तर ती पुढच्या एक-दोन भेटींत. मग चार ते सहा आठवडे नुसतं नीट घासणं आणि पुन्हा तपासणी. रक्त थांबलं असेल तर दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर ब्लीचिंग सुरू करून लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी थांबवायचं, म्हणजे सणक असली तरी तेव्हा गेलेली असेल. तपासणीत हाडाची झीज निघाली तर हे वेळापत्रक मोडेल. मग हिरड्यांचे उपचार आधी, आणि लग्नात स्केलिंग-पॉलिश केलेले स्वच्छ दात. खरं सांगू, सुजलेल्या लाल हिरडीच्या जागी घट्ट, गुलाबी हिरडी आली की तेच दात फोटोत वेगळे दिसतात. हा फरक मी रोज बघते.

खाण्यापिण्याचं एकच सांगते. साखर किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता हे दातांना जास्त कळतं. प्रत्येक गोड घोटानंतर जिवाणू आम्ल बनवतात, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले क्षार सुटायला लागतात, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा ते एक तास लागतो. गोड चहा दिवसभर घोट घोट प्यायलात तर लाळेला ती संधीच मिळत नाही. गोड जेवणाबरोबर खा, मधल्या वेळी पाणी प्या.

आणि आजपासून एक करा. रोज रात्री घासल्यावर रक्त नेमकं कुठून आलं ते लिहून ठेवा: खाली की वर, डावीकडे की उजवीकडे, आतून की बाहेरून. कीटण काढून, दोन आठवडे नीट घासूनही एखाद्याच दाताभोवती रक्त येत राहिलं तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि तीच जागा पुन्हा मोजायला सांगा. तिथे दात आणि हिरडीच्या मधे खोल कप्पा असू शकतो, फिलिंगची कड हिरडीत घुसलेली असू शकते किंवा कीटणाचा तुकडा खाली राहिलेला असू शकतो. तिन्हींवर इलाज आहे. आणि रक्त एका जागेचं न राहता सगळीकडून, न घासताही येत असेल, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, तर दाताच्या डॉक्टरांबरोबर फॅमिली डॉक्टरांनाही दाखवा आणि रक्त तपासून घ्या.